एडीएचडीची गोळी आणि मूळव्याध : कोकणातल्या घरात घ्यायची काळजी

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा यांचा विकार) मिथाइलफेनिडेटसारखे उत्तेजक औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत शौचाला त्रास होऊ लागला आणि एके सकाळी रक्त दिसले, तर पहिला संशय गोळीवर जातो. या औषधांनी थेट मूळव्याध होते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र गोळी आणि मूळव्याध यांच्यामध्ये बद्धकोष्ठ उभे असते आणि त्यावर घरातूनच पुष्कळ काही करता येते.

ही औषधे शरीरातील नॉरॲड्रेनालिन या सावध ठेवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवतात. त्यामुळे लक्ष लागते, पण भूक मरते आणि तोंडाला कोरड पडते. काहींच्या आतड्यांची हालचालही मंदावते. दुपारचे जेवण अर्धे राहते, पाणी पिण्याची आठवण होत नाही, मळ कडक होतो आणि कुंथण्याच्या जोराने गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्या फुगून खाली सरकतात. किनारपट्टीच्या दमट हवेत घामावाटे पाणी सतत जात असल्याने एप्रिल-मेमध्ये हा त्रास विशेष जाणवतो.

म्हणून सुरुवात सकाळच्या पेजेपासून करावी. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर गोळीची भूकमारी सुरू होण्यापूर्वीच उकड्या लाल तांदळाची पेज पोटभर घ्यावी आणि त्यानंतर शौचाला जाण्यासाठी निवांत वेळ ठेवावा, कारण खाल्ल्यानंतर मोठे आतडे आपोआप हलू लागते. शाळेची एसटी गाठायची म्हणून मूल ही कळ दाबून धरत असेल, तर त्याला अर्धा तास आधी उठवणे कोणत्याही चूर्णापेक्षा हिताचे आहे.

आपल्या रोजच्या भात-मासळीत चोथा फार थोडा असतो, हे मान्य करायला हवे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात. त्यासाठी कुळथाच्या पिठीपेक्षा सालासकट कुळथाची उसळ बरी. शिवाय नाचणीची भाकरी, अळू, शेवग्याचा पाला, केळफूल आणि पावसाळ्यात टाकळा आहेच. गोळीचा असर संध्याकाळी उतरल्यावर भूक परत येते, तेव्हा दुपारी राहिलेली भाजी-उसळ रात्रीच्या पानात भरून काढावी. चोथा मात्र हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगते. मोठ्या माणसाने इसबगोल घेतल्यास एक-दोन चमचे पेलाभर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावे. पाणी कमी पडले तर त्रास उलट वाढतो.

कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवावा आणि मोबाइल बाहेर ठेवावा. पाच मिनिटांत झाले नाही तर कुंथत न बसता उठावे. दुखत असेल तर घंगाळात किंवा टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने आराम पडतो.

दुकानातून मलम घेताना एक गोष्ट फार जपावी. मूळव्याधीच्या काही मलमांत आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य असते. उत्तेजक औषधाने रक्तदाब आणि नाडी आधीच थोडी वाढू शकत असल्यामुळे अशी भर विचारल्याशिवाय घालू नये. ‘मूळव्याध खात्रीने बरी’ अशा पाटीखाली इंजेक्शन किंवा जाळणारा लेप लावून घेणे तर पूर्णपणे टाळावे. त्यातून गुदद्वाराला कायमची इजा होऊ शकते.

लाजेपोटी किंवा घाबरून गोळी परस्पर बंद करू नये. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना शौचाची तक्रार स्पष्ट शब्दांत सांगावी. मात्रा, वेळ किंवा औषधच बदलण्याचा निर्णय त्यांना घेता येतो. मात्र ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषधही बद्धकोष्ठ करू शकते, त्यामुळे नुसत्या बदलाने प्रश्न सुटेलच असे नाही.

शौचानंतर पडणारे लालभडक रक्त मूळव्याधीचे असू शकते, तसेच फिशरचेही (गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर); तीव्र, चिरल्यासारखी वेदना बहुधा फिशरकडे बोट दाखवते. रक्त पहिल्यांदाच दिसले असेल किंवा पुन्हा पुन्हा पडत असेल, तर शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे. मळ डांबरासारखा काळा असेल, रक्त मळात मिसळलेले असेल, रक्तस्राव थांबत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि निघताना चालू औषधांची पाकिटे बरोबर घ्यावीत.