येळवशीला टांगायची चौकट

आमच्या घराला अंगण नाही. लातुरात गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर घर, दार उघडलं की गल्ली. कुंड्या ठेवल्या तर मोटारसायकल कुठं लावायची? म्हणून झाडं भिंतीवर चढवली. सध्याची सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांची, चौकट तिसरी. पहिली मीच मारली, ते पुढं सांगतो.

चौकट 2 फूट लांब, दीड फूट उंच, 3 इंच खोल. मोह झाला तरी मोठी करू नका. माझी एवढीच चौकट पाणी घातल्यावर आडतीच्या काट्यावर 27 किलो भरली (मुनिमी केली आहे, काटा दिसला की हात शिवशिवतात). पॅलेटच्या जुन्या पट्ट्या चालतात, फळांच्या खोक्याच्या नकोत. पाठीला प्लाय लावला तर फुगतो. मी निवडणूक झाल्यावर उतरवलेला फ्लेक्स दुहेरी करून ठोकला, पुढाऱ्याचं तोंड मातीकडं. खालच्या पट्टीला पाणी निथळायला चार भोकं पाडा.

समोरून आधी शेडनेट ताणायचं आणि त्यावर कोंबडीची जाळी. नुसती जाळी लावली की माती गळून खाली रोज रांगोळी. शेडनेट खिळ्यानं फाटतं, म्हणून कडेच्या पट्ट्यांना बोटभर अंतरावर बारीक भोकं पाडून दाभणानं शिवा. पोत्याचं तोंड शिवतो तोच टाका, फक्त दोरी नायलॉनची घ्या. तागाची सुतळी ओलाव्यात कुजते. तीन बाजू शिवून चौथी उघडी ठेवायची, चौकट उभी धरून तिथून मिश्रण भरायचं. हमाल कट्टा भरताना आपटतात तशी दोन-तीनदा हलकेच आपटायची, खाली बसलेली जागा पुन्हा भरायची, मग शेवटची बाजू शिवायची. हे आपटणं चुकवलं तर महिन्यात माती खाली बसते आणि वरची ओळ हवेत लोंबते.

मिश्रणात शेतातली काळी माती अजिबात नको. ओली असताना ती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते, आणि भेगेत मुळं तुटतात. दोन भाग विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत आणि कोकोपीट मिळून. चुरा तुरीच्या दाण्याएवढा हवा, भुकटी चाळून टाका.

झाडं म्हणाल तर बारीक पानांचा जेड, पानफुटी, सेडम, ग्राप्टोपेटलम. एचेव्हेरिया गुलाबासारखा दिसतो म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण तो मूळचा मेक्सिकोच्या डोंगरातला, आपला मे महिना त्याला जड जातो. लावाच, पण दोन-चारच, आणि खालच्या ओळीत.

दसरा झाला की फांद्या कापा, सावलीत तीन-चार दिवस जखम वाळू द्या, मग शेडनेटला कात्रीनं फुलीसारखा काप देऊन खोचा. पहिला आठवडा पाणी नाही. चौकट निदान दीड महिना आडवीच ठेवायची. मुळांनी माती धरली की येळवशीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या वेळ अमावस्येच्या, सुमारास भिंतीवर. भिंत पूर्वेची हवी. पश्चिमेची एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते. चार फास्टनर विटेत बसवा, नुसत्या गिलाव्यात नाही, आणि मागं इंचभर फट ठेवा.

आता पहिली चौकट कशी मेली. 2016 साली दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस काढलेल्या माणसाला नळ आला की चैन पडत नाही. हंडे भरायचे, बादल्या भरायच्या, आणि उरलेलं झाडांना. मीही दर नळाला चौकट भिजवत गेलो. मे महिन्यात पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि हात लावला की गळायला लागली. मला वाटलं तहानली, आणखी पाणी घातलं. खरं तर ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्रही तापलेली असली की त्यांचं काम मंदावतं, पाणी ओढलं जात नाही आणि ओल्या मुळांना कूज लागते.

तेव्हा नळाचा वार विसरा. मधल्या ओळीतल्या झाडाचं खालचं पान दाबून बघा. टणक असेल तर थांबा, सुरकुतून मऊ पडलं असेल तर संध्याकाळी दोन लिटर, वरच्या कडेनं, अगदी हळू. वरची ओळ आधी वाळते, खालची शेवटी, म्हणून तपासणी मधल्या ओळीची. थंडीत माझं दहा-बारा दिवसांनी पाणी होतं. पावसाळ्यात चौकट पत्र्याखाली घेतो आणि जवळजवळ काहीच घालत नाही. बोअरचं पाणी असेल तर पानांवर उडवू नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात.

पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्यांना ओळख सांगायला नको. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक टिपा, आणि मुंग्यांची रांग शोधा. त्याच त्याला राखतात.

गळालेलं चांगलं पान फेकू नका. ताटलीत कोरड्या वाळूवर ठेवा. पानफुटीला कडेनं पिलं फुटतात, एचेव्हेरियाला देठाच्या टोकाशी, म्हणून ते पान तोडताना डावी-उजवीकडं हलवून बुडासकट काढायचं. माझ्या चौकटीतली रिकामी भोकं त्या ताटलीतूनच भरतात.