रोडबाईक घेताय? आधी माप, मग दुकान, ब्रँड सगळ्यात शेवटी

नवीन रोडबाईक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घ्यायची ठरली की सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) कुठला घेऊ, कार्बन की ॲल्युमिनियम, डिस्क ब्रेक हवेतच का. साईझचा विषय निघालाच तर "माझी उंची एवढी आहे, मला ५४ ची फ्रेम बसेल ना" एवढ्यावर मिटतो. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. गिअर नंतर बदलता येतात, चाकं बदलता येतात, टायर तर झिजले की बदलावेच लागतात, पण फ्रेम चुकीच्या मापाची घेतली की ती तशीच राहते आणि तिचा हिशोब गुडघा, मान आणि मनगटं चुकता करत बसतात. म्हणून आधी स्वतःचं माप काढा, मग ते माप समजून घेणारं दुकान शोधा, आणि मग त्या दुकानात तुमच्या मापाच्या ज्या चांगल्या सायकली असतील त्यातली एक घ्या.

माप घरीच काढता येतं. लागतं काय तर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, टेप, पेन्सिल आणि मदतीला एक माणूस. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून ताठ उभं राहायचं, पावलांत साधारण वीतभर अंतर ठेवायचं, पुस्तकाचा कणा वर येईल असं ते दोन पायांच्या मध्ये धरायचं आणि वर दाबायचं. इथे बरेच जण लाजतात आणि पुस्तक नुसतं टेकवतात, पण सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा यायला पाहिजे नाहीतर माप एक दोन सेंटीमीटरने कमी येतं. पुस्तकाची मागची कड भिंतीला सपाट लागलेली असू दे, वाकडी नको. मदतनीसाने कण्याच्या वरच्या रेषेला भिंतीवर खूण करायची आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोजायचं. दोन तीनदा करून बघा, आकडे जवळजवळ सारखे आले म्हणजे झालं. हा तुमचा इनसीम.

या इनसीमला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते, क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा, आस जिथे आहे त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीट ट्यूबच्या म्हणजे सीटखालच्या नळीच्या रेषेत मोजायची. इनसीम ८० सेंटीमीटर असेल तर साधारण ७०.६. हा गुणाकार ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो, तोच लेमाँड ज्याने १९८६, १९८९ आणि १९९० ला टूर द फ्रान्स जिंकली. पण हे सूत्र म्हणजे सुरुवात आहे, शेवटचा शब्द नाही, कारण बुटाच्या सोलची जाडी, क्रँकची लांबी, पावलाचा आकार, पेडल मारताना टाच किती खाली जाते हे काहीच त्यात येत नाही. पडताळा घ्यायचा तर सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकायला नको. मग नेहमीसारखं चवड्याखाली पेडल घेतलं की गुडघ्यात हलकासा वाक आपोआप येतो. फिट करणारे लोक हा वाक अंशांत मोजतात, पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य धरला तर पेडल खाली असताना २५ ते ३५ अंश.

आता फ्रेम. ५२, ५४, ५६ किंवा एस, एम, एल हे आकडे दोन कंपन्यांत एकसारखे नसतात. पूर्वी वरची नळी जमिनीला समांतर असायची तेव्हा सीट ट्यूबच्या लांबीवरून फ्रेमचा अंदाज यायचा, आता ती मागे उतरती असते त्यामुळे त्या आकड्याला फारसा अर्थ उरलेला नाही. बघायचे ते दोनच आकडे, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सरळ वर हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची आखूड नळी) माथ्याच्या पातळीपर्यंत किती उंची आहे तो स्टॅक, आणि तिथून आडवं पुढे हेड ट्यूबच्या माथ्याच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे तो रीच. हे कंपनीच्या जॉमेट्री चार्टवर मिलिमीटरमध्ये दिलेले असतात आणि कुठल्याही दोन सायकलींची तुलना यावर सरळ करता येते.

सारख्या उंचीच्या दोन माणसांना वेगळी फ्रेम का लागते ते इथे कळतं. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, त्याची सीट बरीच वर जाणार, म्हणून त्याला स्टॅक जास्त आणि रीच कमी हवा. दुसऱ्याचे पाय आखूड, धड आणि हात लांब, त्याचं बरोबर उलटं. एन्ड्युरन्स प्रकारच्या, म्हणजे लांब पल्ल्यावर आरामात बसण्यासाठीच्या फ्रेममध्ये स्टॅक जास्त, रीच कमी असतो, रेस फ्रेममध्ये माणूस खाली आणि लांब पसरतो. पाठ किती वाकते हे प्रामाणिकपणे बघा, उभं राहून गुडघे न वाकवता हात जर नडगीच्या मध्यापर्यंतच पोचत असतील तर रेस फ्रेम कितीही देखणी असली तरी तिच्यावर तीन तास बसणं अवघड आहे. दोन साईझच्या मध्ये अडकलात तर "लहानच घ्या" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. लहान फ्रेमचं हँडल खाली येतं, ते वर आणायला स्टेमखाली (हँडल धरून ठेवणारा तुकडा) स्पेसर म्हणजे छोटी कडी रचावी लागतात आणि स्टिअरर, म्हणजे हेड ट्यूबमधून वर येणारी ज्या नळीवर स्टेम बसतो ती, कार्बनची असेल तर किती स्पेसर चालतात यावर कंपनीची मर्यादा असते. आधी स्टॅक जुळतो का बघा, रीचमधला थोडा फरक स्टेम बदलून निघतो.

फिट करताना क्रम महत्त्वाचा. पहिली सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग सीटचा कल, आणि हँडल सगळ्यात शेवटी. सीट पुढे-मागे बघायला जुनी सोपी पद्धत म्हणजे ओळंबा. क्रँक आडवे करायचे, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडायचा, तो पेडलच्या आसावरून गेला की सुरुवातीला ठीक. मग सरावाने थोडं इकडे तिकडे. सीट पुढे-मागे केली की पेडलपासूनचं अंतरही बदलतं म्हणून उंची पुन्हा तपासायची. सीट जमिनीला समांतर ठेवा, फार तर अगदी किंचित नाक खाली. जास्त खाली केलं की माणूस पुढे घसरत राहतो आणि ते वजन तळहातांवर येतं, हाताला मुंग्या येतात आणि लोक उगाच महागडे ग्लोव्ह्ज घेत बसतात. आणि हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे सरकवू नका!! सीटची जागा पायांसाठी ठरते, हँडलचं अंतर स्टेमने सोडवायचं. स्टेम साधारण ७० पासून १३० मिलिमीटरपर्यंत दहा दहाच्या टप्प्याने मिळतात, बरेचसे उलटे बसवले की हँडलची उंचीसुद्धा बदलते.

हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराइतकी किंवा थोडी कमी. हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, हात ठेवल्यावर कोपर थोडं वाकलेलं आणि खांदे सैल राहायला हवेत, कानापाशी चढलेले नकोत. हात लहान असतील तर ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणात, हात ठेवून ब्रेक लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचतात का हे आवर्जून बघा. बहुतेक लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतं, दोन मिनिटांचं काम आहे पण उतारावर जिवाशी संबंध आहे त्याचा.

कुठे दुखतं त्यावरून बरंच कळतं. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे, मागून दुखत असेल तर सीट वर आहे. मागून कोणी बघितल्यावर कंबर डावी-उजवी डुलताना दिसली तरी सीट वरच आहे. मान आखडत असेल तर हँडल लांब किंवा खाली. बसायच्या जागी बधिरपणा येत असेल तर तो सवयीने जाईल म्हणून सोडून देऊ नका, सीटचा कल, उंची आणि मुख्य म्हणजे सीटची रुंदी तपासा. आपण बसतो ती दोन हाडं सीटच्या मागच्या रुंद भागावर टेकायला हवीत, ती हाडं मोजायचं पॅड चांगल्या दुकानात असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, सीट असेल तर तीन ते पाच मिलिमीटर, आणि दोन तीन राईड तशाच करून मग ठरवा.

आता दुकान, खरं काम इथेच आहे. आत गेल्यावर तुम्हाला आधी काय विचारतात ते बघा. बजेट सगळेच विचारतात. चांगला माणूस पुढे विचारतो की एका वेळी किती तास चालवणार, रस्ते कसे आहेत, चढ किती, आधी कुठली सायकल होती, पाठ-गुडघ्याचं काही जुनं दुखणं आहे का. मग तो टेप काढतो. टेस्ट राईडला सायकल देताना तो तुमच्या उंचीला सीट लावून, टायरमधली हवा बघून देतो. हे न करता सायकल हातात दिली तर ती टेस्ट राईडच नाही, सीट चार सेंटीमीटर खाली असताना जगातली कुठलीही सायकल वाईटच वाटणार. पार्किंगमध्ये एक चक्कर मारून काही कळत नाही, निदान वीस-पंचवीस मिनिटं चालवा, एक चढ, एक उतार, थोडा वेळ ड्रॉप्समध्ये, एखादा जोरात ब्रेक. स्वतःचे बूट आणि पेडल घेऊन जा, लावून द्यायला त्यांना पाच मिनिटं लागतात.

एक प्रश्न जरूर विचारा, स्टेम वेगळ्या मापाचा लागला तर बदलून देणार का आणि त्याचे वेगळे पैसे किती. आजकाल बऱ्याच सायकलींत ब्रेकच्या नळ्या हँडल आणि हेडसेटच्या आतून जातात, काहींमध्ये तर हँडल आणि स्टेम एकाच तुकड्याचे असतात, तिथे स्टेम बदलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होऊ शकतं. म्हणून ते विकत घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे. तसंच स्टिअरर ट्यूब लगेच कापू देऊ नका. कापलेली नळी परत लांब होत नाही, महिना दोन महिने वरती स्पेसर ठेवून चालवा, हँडलची उंची पक्की झाली की मग कापा.

मागच्या बाजूला वर्कशॉप असेल तर डोकावून बघा. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, भिंतीवर धूळ खातोय की हातात आहे? कार्बन सीटपोस्ट किंवा स्टेमचे बोल्ट अंदाजाने आवळणाऱ्या माणसाकडे मी माझी सायकल देणार नाही, त्या पार्टवर न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो तो उगाच नसतो. मेकॅनिकशी थेट बोला, विक्रीवाल्यापेक्षा पुढची काही वर्षं तुमचा संबंध त्याच्याशी येणार आहे.

आणि तुमच्या मापाची फ्रेम दुकानात नसेल तेव्हा ते काय करतात ही सगळ्यात मोठी परीक्षा. "हीच घ्या, सीट वर करू, सवय होईल" म्हणणाऱ्या दुकानातून गोड बोलून बाहेर पडा. "तुमचं माप आत्ता नाही, मागवायला वेळ लागेल" किंवा "आमच्या ब्रँडमध्ये तुम्हाला बसेल अशी फ्रेमच नाही, दुसरीकडे बघा" असं सांगणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नका, डिस्काउंट थोडा कमी मिळाला तरी चालेल.

वेगळं पैसे देऊन प्रोफेशनल फिट करायचं का? आठवड्याला बरेच तास चालवत असाल, जुनी दुखापत असेल किंवा क्लीटवाले (तळाच्या खुंटीने पेडलमध्ये अडकणारे) बूट पहिल्यांदा घेत असाल तर हो. आणि तो शक्यतो सायकल घ्यायच्या आधी करा, म्हणजे आलेल्या आकड्यांवरून फ्रेम निवडता येते. चांगला फिटर आधी तुम्हाला टेबलवर झोपवून पाय-कंबर किती वाकते ते बघतो, मग ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच चालणाऱ्या सायकलवर, पेडल मारायला लावतो, दोन्ही बाजूंनी बघतो, क्लीट लावतो, आणि दोन तास तरी घेतो. कॅमेरे आणि सेन्सर असले तर छान, पण नुसत्या मशीनकडे बघून तुमच्याशी न बोलणाऱ्याचा उपयोग नाही. शेवटी सगळ्या मापांचा कागद द्यायला सांगा आणि काही आठवड्यांनी एकदा फुकट तपासणी आहे का ते विचारून ठेवा.

कारण शरीर बदलतं. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लॉआच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, पडला आणि त्याच्या कमरेला दुखापत झाली, त्यानंतर तो आयुष्यभर सीटची उंची बदलत राहिला, कधी कधी तर चालू शर्यतीत. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, पण वजन कमी झालं, पाठ मोकळी झाली, बूट बदलले की माप पुन्हा बघावं लागतं. म्हणून आत्ताची जागा बरोबर बसली की सीटपोस्टवर इलेक्ट्रिकल टेपची एक पट्टी गुंडाळा, सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर आणि क्लीटची जागा मोबाईलमध्ये फोटोसकट ठेवा, सर्व्हिसिंगहून सायकल आली की पहिलं ते ताडून बघा.