टोकाचा टवका उडालेला वस्तरा टाकून देऊ नका, टोकच बदला

वस्तरा हातातून निसटून बेसिनवर आपटला की बहुतेक वेळा टोकाशीच टवका उडतो. मग लोक काय करतात, खाच जाईपर्यंत सगळी धार दगडावर घासत बसतात. अरे पण २ मिमीच्या खाचेसाठी अख्खं पातं २ मिमीने अरुंद, वर कोन बिघडतो तो वेगळाच, कारण वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच धार लावतात, त्यामुळे पातं अरुंद झालं आणि पाठ तेवढीच जाड राहिली की कोन मोठा होतो. त्यापेक्षा टोक गोल किंवा तिरकं करून खाचेचा तुकडाच उडवायचा.

आधी भिंगातून नीट बघा, खाचेपासून केसासारखी चीर आत गेलीय का. असेल तर ती चीरसुद्धा पूर्ण कापली गेली पाहिजे, नाहीतर पुढे वाढत जाते. चीर पात्याच्या मध्यापर्यंत असेल तर सोडा नाद.

मग मार्करने नवा आकार काढा, उरलेल्या धारेवर जाड टेप लावा, गॉगल आणि मास्क घाला. कानस चालवू नका, कडक पोलादावर ती नुसती घसरते. छोट्या रोटरी टूलला डायमंड डिस्क लावून घासायचं, पण एक-दोन सेकंद टेकवलं की लगेच पाण्यात बुडवायचं. खरी गोची उष्णतेची आहे. साधारण २०० अंशांच्या पुढे पोलादाचा कडकपणा जायला लागतो, आधी पिवळसर रंग येतो मग निळा, आणि धारेकडचा भाग इतका पातळ असतो की क्षणात तापतो. माझा पहिला वस्तरा असाच निळा पडला, तेवढा भाग परत कापावा लागला. म्हणून पातं उघड्या बोटांनी धरा (टेप लावलेल्या भागात), चटका बसायच्या आत कळतं. शेवटचा अर्धा मिमी तर मशीन बाजूला ठेवून डायमंड प्लेटवर पाणी घालून हातानेच.

आता धार आणि नवं टोक मिळतं तिथला कोपरा दगडावर दोन-चार वेळा हलकाच फिरवून गोल करा, हे विसरलात तर कानाची पाळी कापलीच समजा. नव्या टोकाची कड ४००, ८००, १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तसा कागद बारीक) गुळगुळीत करून घ्या. मग धारेसाठी १००० नंबरचा दगड, ४०००, ८००० आणि शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, उलटं केलंत तर पट्टाच कापाल. पहिली दाढी फक्त गालावर करून बघा, हनुवटी नंतर.