करवंटीच्या कोळशाने पाण्यातले शिसे पकडायचे तर

गोव्यात नारळाच्या करवंटीला तोटा नाही, आणि तिच्यापासून केलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन बाजारात सहज मिळतो. पिशवीवर आयोडीन नंबर ९५० किंवा १००० छापलेला असतो. तो आकडा बघून कोळसा थेट शिसे-कॅडमियम काढायला लावला की निराशा पदरी पडते. आयोडीन नंबर बारीक छिद्रांमधल्या जागेचा अंदाज देतो. वास, रंग, क्लोरीन यांसाठी तो कामाचा आहे. शिशाचा आयन मात्र धनभारित असतो आणि अंगाभोवती पाण्याचे रेणू गुंडाळून फिरतो. त्याला नुसती जागा पुरत नाही, धरून ठेवणारा ऋणभार लागतो.

साध्या करवंटीच्या कोळशाचा शून्य-भार पीएच (ज्या पीएचला पृष्ठभागावर ना धन ना ऋण भार उरतो) बहुधा ८ ते ९ च्या आसपास असतो. पाण्याचा पीएच त्याखाली असला की कोळशाचा पृष्ठभाग धनभारित होतो. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी तर आम्लाकडेच झुकते, ५ ते ६.५ पीएच सर्रास सापडतो. म्हणजे कोळसाही धन आणि धातूही धन, दोघे एकमेकांना लोटतात. नायट्रिक ॲसिडने कोळशाचे ऑक्सिडेशन केले की पृष्ठभागावर कार्बोक्झिल गट (हायड्रोजन सोडून ऋणभारित होणारे आम्लगट) तयार होतात आणि शून्य-भार पीएच ३ च्या आसपास उतरतो. मग त्याच विहिरीच्या पाण्यात तोच कोळसा ऋणभारित राहतो.

ही प्रक्रिया शिसे, तांबे, कॅडमियम, निकेल, जस्त यांच्यासाठी आहे. आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात बहुधा ऋणभारित रूपात असतात, त्यांना हा कोळसा उलट दूर लोटतो. आर्सेनिकला लोहाचा लेप दिलेला कोळसा लागतो, पाऱ्याला गंधकाचा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातल्या लोह आणि मँगनीजसाठीही हा उपाय वापरू नका. त्यासाठी हवा देणे, वाळूचा थर आणि मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेले माध्यम हाच योग्य आणि स्वस्त मार्ग.

कोळसा तयार करणे

०.४ ते ०.८५ मिमीचे दाणे घ्या. भुकटी गाळताना जीव जातो आणि ॲसिडमध्ये ती जोरात फेसाळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास उकळा आणि काजळी जाईपर्यंत धुवा. करवंटीच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, ते पाण्याचा पीएच वर नेतात. म्हणून एकदा ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तासभर ठेवून पुन्हा पाण्याने धुवा. नंतर ११० °से. ला रात्रभर वाळवा.

बाटलीतले ६८ टक्के नायट्रिक ॲसिड साधारण १५.२ मोलर असते. ५ मोलरचे ५०० मिली करायला ३०० मिली पाण्यात १६५ मिली ॲसिड सावकाश ओता, थंड होऊ द्या, मग ५०० पर्यंत भरा. ॲसिड पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

२५० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये थंड ॲसिड १०० मिली घ्या आणि त्यात १० ग्रॅम कोळसा थोडा थोडा सोडा. गरम ॲसिडात कोळसा टाकला तर फेस मानेपर्यंत चढतो. कंडेन्सर लावून वॉटर बाथवर ८० ते ८५ °से. ला ३ तास ठेवा. मॅग्नेटिक स्टररची कांडी दाणे दळून काढते, त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी फ्लास्क हलवलेला बरा. तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. कंडेन्सरने तो अडत नाही. फ्यूम हूड (विषारी धूर ओढून बाहेर टाकणारे कपाट) हवाच, आणि धूर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्या. मध्ये एक रिकामी बाटली ठेवा, नाहीतर फ्लास्क थंड होताना कॉस्टिक उलटे आत ओढले जाते. हूड नसेल तर हा प्रयोग करू नका. त्याच टेबलावर अल्कोहोल किंवा ॲसिटोनही ठेवू नका.

जास्त तीव्र ॲसिड किंवा जास्त वेळ म्हणजे जास्त गुण, असे होत नाही. छिद्रांच्या भिंती ढासळतात आणि दाणा बोटांत चुरगळतो.

धुणे, जिथे बहुतेकांचे काम बिघडते

ॲसिड ओतून टाकल्यावर पहिली धुणावळ फिक्या चहासारखी दिसते. चार-पाच पाण्यांनी ती स्वच्छ होते आणि काम झाले असे वाटते. आता याच कोळशावर ०.१ मोलर कॉस्टिक सोडा (लिटरला ४ ग्रॅम) ओतून बघा. पाणी क्षणात काळपट तपकिरी होते. ऑक्सिडेशनमध्ये तुटलेले ह्युमिकसारखे तुकडे दाण्यांना चिकटून होते, ते आता सुटतात. ते आत राहू दिले तर पुढे नळाच्या पाण्यात विरघळतात, शिशाला धरतात आणि त्याला घेऊन फिल्टरमधून आरपार जातात. कोळसा चांगला असूनही निकाल वाईट येतो तो यामुळे.

कॉस्टिक रंगहीन निघेपर्यंत बदलत राहा. मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि मग डिस्टिल्ड वॉटर, सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत. १०५ °से. ला वाळवा. नायट्रिक ॲसिड पुरते न धुता कोळसा ओव्हनमध्ये घातला तर तो पेट घेऊ शकतो, कारण नायट्रेट आणि कोळसा ही दारूगोळ्याची जोडी आहे. २०० °से. च्या पुढे कार्बोक्झिल गटही तुटू लागतात.

जून ते सप्टेंबरमध्ये एक काळजी जास्त घ्या. ऑक्सिडेशन झालेला कोळसा साध्या कोळशापेक्षा दमट हवेतले पाणी अधिक ओढतो. डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्यावर लगेच वजन करा, तराजूवर ठेवून वही शोधत बसू नका.

वापरण्याआधी ०.१ मोलर खाण्याच्या सोड्यात (लिटरला ८.४ ग्रॅम) भिजवा. दाण्यांवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा उठतात. कार्बोक्झिलवरचा हायड्रोजन जाऊन सोडियम बसत असल्याची ही खूण. पुन्हा धुवा, उतरणाऱ्या पाण्याचा पीएच ७.५ खाली येईपर्यंत.

खरेच शिसे धरते का, हे तपासणे

१.५९८ ग्रॅम लेड नायट्रेट लिटरभर पाण्यात विरघळवले की १००० मिग्रॅ/लिटर शिशाचे द्रावण होते. पातळ करून १० मिग्रॅ/लिटर करा. त्याचे १०० मिली आणि कोळसा ०.१ ग्रॅम, पीएच ५, शेकरवर मिनिटाला १५० फेरे. ५, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांच्या नमुन्यांसाठी वेगवेगळे फ्लास्क ठेवा. ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, नायट्रिक ॲसिडने पीएच २ खाली न्या, मग ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजा. उरलेले शिसे ०.४ निघाले तर हिशेब असा: (१० − ०.४) × ०.१ लिटर ÷ ०.१ ग्रॅम = ९.६ मिग्रॅ प्रति ग्रॅम.

सोबत दोन फ्लास्क आणखी हवेत, एक कोळशाशिवाय आणि एक मूळ कोळशाचा. शेवटी प्रत्येकाचा पीएच पुन्हा मोजा. तो ६ च्या वर गेला असेल तर शिसे हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसते आणि आकडा ९९ टक्के दिसतो. ते कोळशाचे कर्तृत्व नव्हे. कितीतरी प्रोजेक्ट रिपोर्टमधला सुंदर आलेख केवळ या गाळाचा असतो. शिवाय डिस्टिल्ड वॉटरमधल्या निकालावर थांबू नका. खऱ्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही याच जागा अडवतात, म्हणून गावातल्या पाण्यात शिसे मिसळून तीच चाचणी पुन्हा घ्या.

स्तंभ

स्तंभ म्हणजे कोळसा भरलेली उभी नळी. २५ मिमी आतील व्यासाच्या नळीत ३० सेमी थर म्हणजे साधारण १४७ मिली. मिनिटाला १५ मिली प्रवाह ठेवला तर पाण्याला जवळजवळ १० मिनिटे मिळतात. कोळसा आधी पाण्यात उकळून ओला भरा, कोरडा भरला तर हवेच्या पोकळ्यांतून पाणी वाट काढते. पाण्यात लोह असेल तर ते आधीच काढा, नाहीतर दाण्यांवर गंजाचा थर बसतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१ मिग्रॅ/लिटरपेक्षा जास्त नको. स्तंभातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले शिसे त्या आकड्याला टेकले की स्तंभ थांबवायचा. घरी पिण्यासाठी वापर करायचा असेल तर शिशासोबत नायट्रेटही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्याची मर्यादा ४५ मिग्रॅ/लिटर आहे.

भरलेला कोळसा ०.१ मोलर नायट्रिक ॲसिडने मोकळा होतो, मग पुन्हा खाण्याचा सोडा. दर फेरीत क्षमता थोडी घटते, तेव्हा ती मोजत राहा. उतरलेल्या ॲसिडात सगळे शिसे एकवटलेले असते. ते चुन्याने पीएच ९ ते १० ला न्या, गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यातले शिसे मोजल्याशिवाय ते सोडू नका. गाळ आणि निकामी कोळसा झाकणाच्या डब्यात, वर नाव आणि तारीख लिहून, घातक कचरा म्हणून अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचा. तो भाटात माडाच्या मुळाशी टाकू नका, आणि चुलीतही घालू नका.