बॅरिएट्रिक ऑपरेशननंतर वेल्डिंगच्या कामावर परत जाताय? आधी पाण्याचं बघा

फिटनेस सर्टिफिकेट, गेट पास, सेफ्टी शूज, डबा. हे घ्याच, त्यावर बोलत बसत नाही. बोलायचंय ते पाण्यावर. माझं वजन उतरवायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून नळीएवढं पोट ठेवतात ते, आणि फॅब्रिकेशन शेडमध्ये परत हजर झालो, तेव्हा बाकी सगळी तयारी होती, पाण्याचा विचारच केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात दुपारी ग्राइंडर हातात असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सलाइन लागलं, परत घरी बसलो. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात पाणी वारंवार येणार. कंटाळा आला तरी वाचा.

पण सुरुवात कागदापासून. सर्टिफिकेटवर नुसतं ‘हलकं काम द्यावे’ असं लिहून आणलंत तर त्याचा उपयोग शून्य. शेडमध्ये हलकं म्हणजे काय, हे सुपरवायझर ठरवतो. शंभर एमएमच्या चॅनेलचा सहा मीटरचा नग पन्नास किलोच्या पुढे जातो आणि ‘एक टोक धर फक्त’ असं म्हणतात. सर्जनकडून किलोत लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत पाच किलोच्या वर उचलायचं नाही. साधारण चार ते सहा आठवडे हे बंधन असतं, तुमचं किती ते तुमचा डॉक्टर सांगेल. पोटावरची भोकं बाहेरून पंधरा दिवसांत सुकलेली दिसतात, आतली भिंत तेवढ्यात जुळत नाही. जोर लावला की तिथंच हर्निया. ऑक्सिजनचा सिलेंडर हलवायला कुणी बोलावलं तर सरळ नाही म्हणा, लाजू नका.

पगाराच्या काळजीने लवकर जाऊ नका. पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जात असेल तर आजारपणाचे पैसे मिळतात, सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दवाखान्याचे कागद वेळच्या वेळी द्या, नंतर कुणी ऐकून घेत नाही.

आता पाणी. उरलेलं पोट शंभर-दीडशे मिलीची नळी आहे. सुट्टी झाली की कूलरवर जाऊन तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची आपली वर्षानुवर्षांची सवय आहे, ती आता चालत नाही. घटाघटा प्यायलं की छातीत कळ येते आणि पाणी उलटून पडतं. एकदा तसं झालं की माणूस भितो आणि पिणंच सोडतो. शेडमध्ये पत्र्याखाली घाम निथळत असतो, वर चामड्याचा ॲप्रन. तीन वाजेपर्यंत चक्कर. दिवसाला दीड ते दोन लिटर सांगितलेलं असतं. एका घोटात १५-२० मिली धरा, म्हणजे एक लिटर जायला पन्नास-साठ घोट लागतात. तहान लागेल तेव्हा पिऊ, या हिशोबाने ते कधीच पुरं होत नाही.

त्यात जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. जेवायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे भर दुपारचा दीड तास कोरडा जातो. हा दीड तास मी मोजलाच नव्हता. तुम्ही मोजा. घरून निघायच्या आत अर्धा लिटर पोटात गेलेलं पाहिजे, आणि जेवणाच्या सुट्टीआधी आणखी तेवढंच.

शेडमध्ये कसं प्यायचं? घड्याळ बघून जमत नाही, मोबाईलचा गजर ग्राइंडरच्या आवाजात ऐकू येत नाही. मला जमलं ते असं: एक रॉड संपला की एक घोट. रॉड बदलायला हेल्मेट वर करायचंच असतं. सीओटूवर (रॉडऐवजी सलग तारेचं वेल्डिंग) काम असेल तर एक जॉइंट, एक घोट. ग्राइंडिंगला बसलात तर मशिन खाली ठेवाल त्या प्रत्येक वेळी. बाटली स्टीलची घ्या, सिपरवाली. प्लॅस्टिकच्या बाटलीला ठिणग्यांनी भोकं पडतात. ती हाताशी ठेवा, कूलर गेटजवळ असला तर तिथवर जाणं होत नाही. लघवी गडद पिवळी झाली, किंवा सकाळपासून जावंच लागलं नाही, तर काम थांबवा, पंख्याखाली बसा, घोट घोट सुरू करा. आणि संडास घाण आहे म्हणून कमी पिणारे आहेत आपल्यात, मला माहीत आहे. ते आता परवडणार नाही.

घामाबरोबर मीठ जातं, म्हणून बिनसाखरेचं मिठाचं लिंबूपाणी किंवा पातळ ताक एका बाटलीत असू द्या. बीपी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरला विचारा. उन्हाळ्यात ग्लुकोज पावडरचा डबा कँटीनमध्ये ठेवतात, त्याला हात लावू नका. उसाचा रस नाही, कोल्ड्रिंक नाही. साखर एकदम आत गेली की काही मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. पोटाच्या बायपासवाल्यांना (पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात त्यांना) जास्त, पण स्लीव्हवाले सुटत नाहीत. परत आलात म्हणून कुणी पेढा देईल. घ्या, हसा, खिशात टाका.

बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा डोस हजर व्हायच्या आधी तपासून घ्या. वजन उतरलं की जुना डोस जास्त होतो. लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी चालू असेल तर ती आणि शेडचा उकाडा मिळून माणसाला आडवं करतात. हा पण पाण्याचाच मुद्दा आहे. अंग दुखलं म्हणून फर्स्ट एडच्या पेटीतली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते.

कपडे. हे कुणी सांगत नाही. जुना ड्रेस ढगळ होतो, आणि ग्राइंडर किंवा ड्रिल मशिनजवळ लोंबती बाही म्हणजे हात गेलाच समजा. स्टोअरमधून लहान साइज मागा, मिळेपर्यंत टीप मारून आत घ्या. सेफ्टी बेल्टचे मांडीचे पट्टे नव्याने आवळा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा. बूट सैल होतात. बोटातली अंगठी घरी ठेवा.

घरी वजन उचलायचा सराव करा, पण परवानगीची तारीख उलटल्यावरच. अर्धी बादली, मग पूर्ण. वजन उतरलं म्हणजे ताकद वाढली असं नसतं, चरबीबरोबर स्नायूही जातात. ‘आता काय हिरो, उचल की’ म्हणणारे भेटतील.

डब्यात आधी प्रोटीन: अंड्याची भुर्जी, पनीर, मऊ उसळ, दही. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर लागतं, अंड्यात सहाच असतात, तेव्हा पावडर बहुधा घ्यावीच लागेल. कोरडी चपाती अडकते. चावून खा. घाईचं जेवण उलटतं, आणि उलटलं की पुढचा तासभर पाणीही जात नाही.

पहिला आठवडा ओव्हरटाइम नको. रात्रपाळी तर महिनाभर नकोच. शेडमध्ये एकाला तरी ऑपरेशनचं सांगून ठेवा, सगळ्यांना नको. ताप, न थांबणारी धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, एकाच पोटरीला सूज, धाप: शिफ्ट सोडा, सर्जनला फोन करा. सारख्या उलट्या होत असतील तरी तेच, त्यात बी-वन जीवनसत्त्व कमी पडून नसांना धोका होतो.

तंबाखू, बिडी बंद. दारूही, ती आता लगेच चढते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळतात, बहुतेक परत येतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, लोहावर चहा नको. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं. रक्ततपासणीच्या तारखा रजेच्या अर्जासकट आधीच सुपरवायझरला देऊन ठेवा. बाटलीचं झाकण आठवड्यातून एकदा सोडा घालून धुवा, वास मारायला लागलं की तुम्ही पिणं टाळाल.