बुसानमध्ये बाहेर जेवताय? या चुका टाळा

बुसानला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते: इथे खायला काही मिळत नाही. सुमारे ३३ लाख वस्तीचं, कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं हे शहर. गल्लीगल्लीत खाणावळी, त्यातल्या कितीतरी रात्रभर उघड्या. तरी माणूस खोलीवर मॅगी करून खातो आणि वर ‘कोरियन जेवण काही मला झेपत नाही’ असं जाहीर करतो.

जेवणाचा दोष बहुतेक वेळा नसतो, खाणावळ निवडण्याची आपली सवय आड येते. पुण्यामुंबईच्या हॉटेलात एकाच छपराखाली मिसळ, डोसा, पावभाजी आणि मंचुरियन मिळतं, त्यामुळे आपण आधी आत शिरतो आणि मग काय खायचं ते ठरवतो. बुसानच्या जुन्या खाणावळी एक-दोनच पदार्थ करतात, तेही वर्षानुवर्षं तेच. पदार्थाचं नाव दाराबाहेरच्या पाटीवरच असतं. म्हणजे काय खायचं ते पाटी बघतानाच ठरवून टाकायचं. आत बसून ‘दुसरं काही आहे का’ विचारलं, तर मालकीणबाई तुमच्याकडे नुसत्या बघत राहतात.

गुकबापच्या गल्लीत जाऊन भलतंच मागणं

मेट्रोच्या लाइन १ आणि २ जिथे मिळतात त्या सॉम्यॉन स्टेशनजवळच्या बाजारात द्वेजी-गुकबापची गल्ली आहे. डुकराच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यात मांसाचे काप आणि भात. बुसानची ओळख सांगणारा पदार्थ हाच. डुक्कर खात नसाल तर या गल्लीत बसूच नका. तिथे तुमच्यासाठी वेगळं काही होणार नाही, आणि झालं तरी त्याच पातेल्यातून येईल.

खात असाल, तर दुसरी चूक टाळा. काळ्या मातीच्या भांड्यात रस्सा खदखदत समोर येतो, दिसायला दुधट आणि चवीला जवळजवळ अळणी. नवखा माणूस दोन चमचे पिऊन ‘पांचट आहे’ म्हणतो आणि निकाल लावून मोकळा होतो. तो मुद्दामच तसा येतो, चव ज्याची त्याने लावायची असते. टेबलावर लहानशा भांड्यात सेउजॉत असतं, म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याएवढी. ते अर्धा चमचा घाला, ढवळा, चाखा, मग लागलं तर आणखी. ताटलीत तिखट-आंबट कालवलेली बुचू, म्हणजे लसणाच्या वासाची हिरवी पात, येते. ती सगळीच्या सगळी रश्शात बुडवायची, बाजूला कोशिंबिरीसारखी खात बसायची नाही. लाल मसाल्याचा गोळा आधीच घातलेला असेल तर ढवळण्यापूर्वी काढून ठेवता येतो. सोबत आलेल्या बारीक शेवया पहिल्यांदा घालून संपवायच्या, नाहीतर त्या फुगून गच्च होतात.

मिलम्यॉनचंही तसंच. गार, बर्फाच्या चुऱ्यासकट येणाऱ्या या गव्हाच्या शेवया कोरियन युद्धातल्या निर्वासितांनी इथे आणल्या. उत्तरेकडे त्या बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या करत. इथे ते मिळेना, पण अमेरिकी मदतीचा मैदा मिळत होता, म्हणून तो वापरला गेला. शेवया लांबलचक असतात, टेबलावरच्या कात्रीने खुशाल कापा. हे उन्हाळ्यातलं खाणं आहे. जानेवारीत खाऊन दात शिवशिवले म्हणून पदार्थाला नावं ठेवू नका.

रस्सा न बघता ‘शाकाहारी दिसतंय’ म्हणणं

आपल्याकडच्या शाकाहारी माणसाची आणि गोमांस टाळणाऱ्याची सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो. कोरियन जेवणात मांस ताटात दिसतं त्यापेक्षा रश्शात जास्त असतं.

बुप्यंग कांगथोंग बाजारात किंवा नाम्पोच्या फुटपाथवर वाफाळत्या कढईत काड्यांना लावलेल्या पांढऱ्या कांड्या दिसतात. हे मुलत्तॉक, तांदळाच्या पिठाचं, बुसानची खासियत. तांदूळच तर आहे, म्हणून माणूस घेतो. पण ते ज्या पाण्यात मुरत असतं, त्यातच शेजारी ऑमुक, म्हणजे माशाच्या वड्या, शिजत असतात, आणि ते पाणीही सुक्या मासळीचं. कागदी पेल्यात फुकट मिळणारा गरम रस्सा तोच.

यादी इथे संपत नाही. सुनदुबू-जिगे या टोफूच्या रश्श्यात शिंपल्या किंवा मांस. द्वेनजांग-जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा, बहुधा सुक्या मांदेलीसारख्या माशांच्या पाण्यावर केलेलं. दोंग्ने पाजॉन हे नावाजलेलं पातीच्या कांद्याचं धिरडं, पण त्यात कालवं, कोळंबी आणि काही ठिकाणी गोमांससुद्धा. किमचीत माशांचा खारवलेला रस किंवा सेउजॉत घालतात, आणि दक्षिणेकडच्या या भागात तर हात सढळच. पाकिटातल्या बहुतेक रामेनच्या मसाल्यात गोमांसाचा अर्क. खाणावळीतल्या रश्श्यात चमचाभर पडणारी तयार पूडही अनेकदा गोमांसाच्याच चवीची. बिबिम्बापमधून, म्हणजे भाज्या मांडून कालवायच्या भातातून, मांस काढायला सांगितलं तरी वरच्या गोचुजांगमध्ये, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीत, खिमा परतलेला असू शकतो.

‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या, एवढं वाक्य पाठ करून काम भागेल असं समजू नका. हॅम, खेकड्याच्या चवीच्या माशाच्या कांड्या, ऑमुक यांना तिथे कुणी ‘गोगी’त धरत नाही. त्यामुळे वस्तूचं नाव घेऊन सांगा: ‘हेम, मात्साल, ऑमुक प्पे जुसेयो.’ गोमांस हवं-नको विचारायचं तर ‘सोगोगी’ हा शब्द वापरा.

माझा साधा नियम असा: पातेल्यातलं बदलत नाही, डोळ्यांसमोर जुळवलेलं बदलतं. सकाळपासून उकळणाऱ्या रश्श्यातून मासा काढून दाखवा असं कुणाला सांगणार? पण किंबापच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या दुकानात मावशी समोरच भाताच्या थरावर गाजर, पालक, अंडं, पिवळा मुळा एकेक करून मांडत असतात. तिथे हॅम वगळणं एका क्षणाचं काम. अंडं चालत असेल तर पोटभर आणि स्वस्त जेवण होतं. बिबिम्बापही असंच, फक्त गोचुजांगची चौकशी आधी करा. उन्हाळ्यात कोंगगुकसू मिळतं, वाटलेल्या सोयाबीनच्या गार दुधात शेवया. मीठ आपणच घालायचं, काही जण साखर घालतात. जुकच्या, म्हणजे पेजेच्या दुकानात होबाकजुक ही लाल भोपळ्याची गोडसर पेज मिळते. आजारी पडलात तर हीच दुकानं कामाला येतील. आणि नाम्पोच्या बिफ चौकातला (हे नाव बुसानच्या चित्रपट महोत्सवाचं, गोमांसाचं नव्हे) शिआत-होत्तॉक: तव्यावर तेल-लोण्यात तळलेली गोड पुरी, कात्रीने पोट फाडून आत सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया भरलेली. गरम असताना पहिला घास घाईने घेऊ नका, आतला साखरेचा पाक जीभ भाजतो.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. प्रत्येक खाणावळीने मांस, तांदूळ, किमची वगैरे कुठल्या देशातून येतं ते लिहून लावणं कोरियात कायद्याने बंधनकारक आहे. भिंतीवर किंवा मेन्यूच्या खालच्या कोपऱ्यात तो तक्ता असतो. फोनच्या भाषांतराच्या ॲपने त्याचा फोटो काढा. त्यात गोमांसाचा रकाना भरलेला दिसला की समजा, ते स्वयंपाकघरात आहे. मात्र तक्त्यात नाव नाही म्हणजे मसाल्याच्या पुडीतही नाही, असं धरून चालू नका.

जागाल्चीत भाव न ठरवता मासा उचलणं

मुंबई आणि बुसान १९७७ पासून भगिनी शहरं आहेत. करारात काय लिहिलंय कोण जाणे, पण मासळीवरून तरी नातं पटतं. बुसान शहराने आपला अधिकृत मासा म्हणून निवडलेला गोदुंगॉ हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला.

तरी कोकणी माणूस जागाल्चीच्या मासळीबाजारात जातो आणि हिरमुसून परत येतो, कारण त्याच्यापुढे कच्च्या माशाचे पातळ काप ठेवले जातात. मोठ्या इमारतीतली पद्धत समजून घ्या. तळमजल्यावर टाक्यांतून जिवंत मासा निवडायचा, तो कापून मिळतो, आणि वरच्या मजल्यावर बसून खायचा. वर बसण्याचे, पानं-चटण्यांचे माणशी वेगळे पैसे लागतात, त्याला चोजांगचे पैसे म्हणतात. उरलेल्या डोक्या-काट्यांचा मेउनथांग हा तिखट रस्सा करून हवा असेल तर त्याचे आणखी वेगळे. बिल बघून ‘फसवलं’ म्हणणारे बहुतेक जण हे तीन आकडे आधी विचारत नाहीत. मासा टाकीतून निघण्याआधी किलोचा भाव विचारा, वजन समोर करायला लावा, टोपलीचं वजन त्यात धरलंय का ते बघा, आणि वरचा खर्च माणशी किती तेही तिथेच विचारून घ्या. मासा कापला गेल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

आणि कच्चा मासा नकोच असेल, तर त्या इमारतीत शिरूच नका. बाहेरच्या गल्ल्यांतून फिरा. तिथे दारातच जाळीवर मासे भाजत ठेवलेल्या लहान खाणावळी आहेत. मीठ लावून भाजलेला गोदुंगॉ किंवा गाल्ची, म्हणजे वाकटीच्या जातीचा लांब चंदेरी मासा, सोबत भात, रस्सा आणि चार ताटल्या. हळद-तिखट नाही, कोकम नाही, पण मासा ताजा असेल तर त्याचं काही अडत नाही. त्या चार ताटल्या संपल्या तर बिनदिक्कत पुन्हा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. काही ठिकाणी कोपऱ्यात ठेवलेल्या असतात, आपणच वाढून घ्यायच्या. घेतलेलं टाकणं मात्र वाईट दिसतं.

एकट्याने, चुकीच्या वेळी, चुकीच्या नकाशावर

दुपारी साडेतीनला भूक लागली की अनेक दारं बंद मिळतात. ३ ते ५ ही बऱ्याच खाणावळींची सुट्टी. मांस भाजून खायच्या ठिकाणी निदान दोन माणसांची ऑर्डर द्यावी लागते, त्यामुळे एकटे असाल तर गुकबाप, मिलम्यॉन किंवा किंबाप. कोरियात गुगल मॅप्सवर चालत जायचा रस्ता नीट मिळत नाही, म्हणून नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप पहिल्याच दिवशी घ्या. कोरियन अक्षरं आठवड्याभरात वाचता येतात, तेवढं कराच. त्या ॲपवर रोमन अक्षरांत शोधलं तर पर्यटकांचीच दुकानं पुढे येतात. टिप ठेवू नका, पैसे बाहेर पडताना गल्ल्यावर द्यायचे असतात. चमचे दिसत नसतील तर टेबलाच्या बाजूचा खण उघडा. बाकी शिष्टाचारांत एकच महत्त्वाचा: भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते पितरांच्या पानाचं चिन्ह आहे.

घरच्या चवीसाठी फक्त हेउंदेला धावणं

घरची आठवण आली की सगळे हेउंदेच्या किनाऱ्याकडच्या भारतीय रेस्टॉरंटांत जातात, महागडी, गोडसर बटर चिकन खातात आणि चिडून परततात. ती चव कोरियन गिऱ्हाइकाला धरून केलेली असते. त्यापेक्षा लाइन १ वरच्या दुसिल स्टेशनजवळ मशीद आहे, तिथे हलाल मांसाची चौकशी करा. डाळी, कणीक, मसाले एकरकमी भरायचे असतील तर सासांगहून लाइट रेलने शेजारच्या गिम्हे शहरात जा. तिथल्या दोंगसांग-दोंगमध्ये दक्षिण आशियातल्या कामगारांच्या वस्तीमुळे अशी दुकानं थाटली आहेत.

मटणासाठी जीव तळमळत असेल तर डोंगरावर चढा. ऑन्चॉनजांग स्टेशनबाहेरून २०३ नंबरची बस गुमजंगच्या किल्ल्यातल्या सानसंग गावात जाते. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: काळ्या बकऱ्याचं मांस मसाला लावून भाजलेलं बुलगोगी आणि गव्हाच्या, पायाने तुडवलेल्या किण्वाने आंबवलेली माक्कॉली, म्हणजे तांदळाची दारू. मांस गोड-तिखट असतं, आपल्या सुक्या मटणासारखं नाही, पण बकरा तो बकराच. इथे माणशी ताट मिळत नाही, मोठा वाटा घ्यावा लागतो, म्हणून चार जण जमवून जा. रविवारी दुपारी गिर्यारोहकांची झुंबड असते, शक्यतो शनिवारी सकाळी निघा. आणि माक्कॉलीची दुसरी किटली मागवण्याआधी उतरायची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारून ठेवा.