महापालिकेच्या शाळेसाठी पालक एकत्र आलात? मग या चुका टाळा

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने पहिले तीन महिने मुख्याध्यापिकांशी भांडण्यात घालवले. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नव्हतं. दर शनिवारी आम्ही चार-पाच पालक त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचो, त्या दर शनिवारी "वर कळवलंय" म्हणायच्या आणि आम्ही परतताना त्यांना नावं ठेवायचो. चौथ्या महिन्यात शाळेच्या शिपायाने सहज सांगितलं, "ताई, नळ बदलायचा अधिकार बाईंना नाहीच. ते बांधकामवाल्यांचं काम." चौकशी केली तर बाईंनी खरोखरच तीन पत्रं पाठवली होती. तिन्ही शिक्षण विभागाच्या एकाच टेबलावर पडून होती, कारण ती पुढे सरकवायची कुणालाच घाई नव्हती. आम्ही बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला गाठलं आणि नऊ दिवसांत पाणी आलं.

दोन वर्षं समितीत काढल्यावर वाटतं, पालकांची तळमळ कमी पडत नाही. ती चुकीच्या दारावर, चुकीच्या महिन्यात आणि तोंडी खर्च होते.

चूक: सगळ्याला मुख्याध्यापक जबाबदार

शाळेत रोज दिसणारा अधिकारी एकच, म्हणून राग त्याच्यावर निघतो. पण त्याच्या हातात असतं ते वेळापत्रक, वर्गवाटणी, शिकवण्यावर देखरेख आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान. हे अनुदान पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यावर १ लाख रुपये. त्यातला किमान दहा टक्के खर्च स्वच्छतेवर व्हायला हवा. यातून फळा, बल्ब, झाडू, किरकोळ दुरुस्ती होते. गळकं छत होत नाही.

छत, भिंत, नळजोड हे महापालिकेच्या बांधकाम यंत्रणेचं काम. तिचं नाव शहरागणिक बदलतं: पुण्यात भवन रचना विभाग, मुंबईत शाळा पायाभूत सुविधा कक्ष. शाळेच्या दारातला कचरा प्रभाग कार्यालयाचा. शिक्षकांची पदं शिक्षण विभागाची. तक्रार लिहायच्या आधी "हे कुणाच्या सहीने होतं?" एवढं मुख्याध्यापकांनाच विचारा. आरोपाऐवजी प्रश्न आला की ते बहुधा मोकळेपणाने सांगतात, कारण तेही त्याच टेबलांवर खेटे घालून दमलेले असतात.

"सर वर्गात नसतात" या तक्रारीचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. तेव्हा सर नेमके कुठे असतात ते आधी पाहा. ते घरी असतील तर विषय वेगळा. पण कुठल्याशा सर्वेक्षणाची याद्या-रजिस्टरं घेऊन फिरत असतील, तर तुमचं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना तिथे पाठवणाऱ्या आदेशाशी आहे. त्या आदेशाची प्रत मागा.

चूक: न वाचता सही

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान पाऊणशे टक्के, म्हणजे चारात तीन, सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून होतो, मुख्याध्यापक सचिव असतात, समिती दोन वर्षांसाठी असते आणि बैठक दर महिन्याला व्हायला हवी. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग तपासणं ही कामं कायद्यानेच समितीला दिली आहेत.

प्रत्यक्षात काय होतं? पोराला न्यायला आलेल्या आईला व्हरांड्यात गाठतात. "ताई, इथे एक सही." ती रजिस्टरवर सही करते. वरची ओळ कोरी असते, ती नंतर भरली जाते, आणि वर्षाअखेरीस कागदावर बारा बैठका झालेल्या असतात. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. बऱ्याचदा बैठकीला कुणी फिरकतच नाही, तपासणी तर तोंडावर आलेली असते, मग बिचारे सर रजिस्टर "पूर्ण" करतात. पण त्या कोऱ्या ओळीत उद्या "समितीने खर्चास मंजुरी दिली" असंही उमटू शकतं, आणि खाली सही तुमची असते.

उपाय अगदी साधा आहे. इतिवृत्त बैठकीतच लिहायचं, उठायच्या आधी मोठ्याने वाचायचं, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, मग सही. पानाचा मोबाइलवर फोटो. आम्ही पहिल्यांदा रेघ मारली तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली होती. तिसऱ्या बैठकीला बाईंनी स्वतःच पट्टी पुढे केली.

बैठक बोलावलीच जात नसेल तर दोन-तीन पालक सदस्यांनी विषय घालून लेखी मागणी द्यावी आणि पोच घ्यावी. तरीही हालचाल नसेल, तर त्याच पत्राची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. सदस्य कोण आहेत हेच कुणाला माहीत नसेल (हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त शाळांत घडतं), तर पहिली मागणी एकच करा: सदस्यांची नावं दर्शनी फलकावर लावा.

चूक: मार्चमध्ये जागं होणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, आणि ती चूक आहे हेच लक्षात येत नाही.

वर्गाला शिक्षक नाही म्हणून पालक जानेवारीत मोर्चा नेतात. पण शाळेला किती पदं मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या सरकारी प्रक्रियेत ठरतं आणि तिचा मुख्य आधार म्हणजे ३० सप्टेंबरचा पट. अलीकडच्या वर्षांत त्यातही आधार पडताळणी झालेली मुलंच धरली जातात. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असं प्रमाण आहे. राज्याचे निकष त्यावर आणखी बारकावे चढवतात, पण मेख इथेच आहे. समजा शाळेत ९२ मुलं रोज येताहेत. त्यातल्या तिघांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नाही. कागदावर उरली ८९. अशा छोट्या घोळापायी आख्खं पद धोक्यात येतं, आणि पालक सहा महिन्यांनी घोषणा देत उभे राहतात.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांकडून न जुळणाऱ्या मुलांची यादी समजून घ्या. अशा घरांतली माणसं बहुतेक रोजंदारीवर असतात. आधार केंद्रावर रांगेत उभं राहायचं म्हणजे त्यांचा दिवस बुडतो. इथे समितीतले चार पालक मोलाचे ठरतात: कुणीतरी सोबत जायचं, कागद आधी तपासून द्यायचे, केंद्राची वेळ विचारून ठेवायची. आम्ही एका वर्षी अकरा मुलांची नावं अशी दुरुस्त करून घेतली. त्याचा फोटो कुठे छापून आला नाही, पण शिक्षक टिकला.

दुसरी तारीख डिसेंबरची. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि केंद्र सरकारच्या नियमांनुसार समिती नव्याने स्थापन झाल्यावर ते आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा. आराखड्यात नसलेलं काम मागायला गेलात तर "तरतूद नाही" हे उत्तर तयारच असतं. गेल्या वर्षीच्या आराखड्यात फक्त तारीख बदलून तो पुढे गेलाय का, तेवढं जरूर बघा. आमच्याकडे पाडून टाकलेल्या शेडची दुरुस्ती दोन वर्षं मागितली जात होती.

तिसरी तारीख महापालिकेच्या अंदाजपत्रकाची. मुंबई महापालिकेचं शिक्षणाचं अंदाजपत्रक वर्षानुवर्षं वेगळं मांडलं जात आलंय, साधारण फेब्रुवारीत. इतरत्र शिक्षण हा मोठ्या अंदाजपत्रकातला एक भाग असतो. तो छापून येतो तेव्हा बहुतेक आकडे ठरून गेलेले असतात. विभागांच्या मागण्या त्याच्या काही महिने आधीच गोळा होतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची पद्धत आहे आणि त्याचे अर्जही पावसाळ्याच्या सुमारास निघतात. तेव्हा शाळेचं काम सुचवणारे किती आणि पदपथाचं सुचवणारे किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

चूक: "मी सरांना बोललो होतो"

बोललेलं विरतं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन घरी आणा. एका अर्जात एकच विषय. पाणी, पोषण आहार आणि शिक्षकांचं वागणं हे तीन विषय एका कागदावर लिहिले, तर तो कागद तीन विभागांत फिरतो आणि तिघेही तो दुसऱ्याचा समजतात.

कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे महापालिकेकडे, करता येते. तिने ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. या कलमाचा उल्लेख अर्जात असला की तो जरा वेगळ्या नजरेने वाचला जातो, हा माझा अनुभव.

माहिती अधिकारातही पालक एक ठरावीक चूक करतात: प्रश्न विचारतात. "आमच्या शाळेकडे दुर्लक्ष का?" याला उत्तर "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही". का, कसं, कधीपर्यंत हे शब्द गाळा. कागद मागा: अमुक वर्षाचं अनुदान विनियोग प्रमाणपत्र, मंजूर आणि कार्यरत पदांचा तक्ता, छताच्या कामाचा कार्यादेश. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बहुतेक लोक इथेच सोडून देतात, आणि कार्यालयांना ते पक्कं ठाऊक असतं.

एक सांगते, माहिती अधिकाराने सुरुवात करू नका. मी केली होती. शाळेतला कागद, जो मागितला असता तर समोर ठेवला असता, तो मी टपालाने मागवला. त्यानंतर सहा महिने माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

चूक: रंगरंगोटीत रमणं

वर्गणी काढून भिंती रंगवल्या, देणगीदार गाठून दोन स्मार्ट टीव्ही आणले, उद्घाटनाला नगरसेवक आले. सगळं छान. चौथीतलं मूल दुसरीचा उतारा वाचतं का, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

ते पाहायला तज्ज्ञ लागत नाही. 'प्रथम' या संस्थेच्या असर सर्वेक्षणात मुलांचं वाचन तपासायला वापरलं जाणारं साधन एका पानाचं आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मराठीतही आहे. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्टही हेच, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. म्हणजे तुम्ही काही आगाऊ मागणी करत नाही आहात.

पण इथे जपून. निकाल हातात घेऊन पालकसभेत "तुमच्या वर्गात सोळा मुलांना वाचता येत नाही" असं एखाद्या बाईंना सगळ्यांसमोर सुनावलंत, की त्या वर्गाचं दार तुम्हाला कायमचं बंद. आधी शिक्षकांना सांगून, शक्यतो त्यांच्यासोबतच वाचन घ्या. कोणतं मूल कुठे अडलंय हे त्यांना बहुधा आधीच माहीत असतं. त्यांना हवी असते रोजची अर्ध्या तासाची सवड आणि गोष्टीची पुस्तकं. ती मिळवून देणं समितीच्या आवाक्यात आहे.

वर्गणीतून खासगी शिक्षिका नेमण्याचा मोहही आवरा. निकड समजते, आम्हीही चार महिने ते केलं. पण रिकामी जागा भरलेली दिसू लागली की ती भरायची घाई कुणालाच राहत नाही. नेमायचीच असेल तर पद रिक्त असल्याचं पत्र दर महिन्याला जात राहू द्या.

किरकोळ, पण नडणाऱ्या

बैठक सकाळी अकराला ठेवून "पालक येतच नाहीत" म्हणू नये. धुणीभांडी करणाऱ्या आईचा अकराचा तास दुसऱ्याच्या घरी असतो. आम्ही संध्याकाळी साडेसहाला ठेवली आणि पाचाच्या बावीस झाल्या.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर शिक्षकांचा फोटो टाकून तक्रार करू नये. निवडणुकीच्या तोंडावर कुणाच्याही मांडवात समितीच्या नावाने बसू नये. आणि ज्यांची मुलं विनाअनुदानित खासगी शाळेत आहेत, त्यांनी तिथे शाळा व्यवस्थापन समिती शोधत बसू नये. तो नियम त्यांना लागू नाही. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि तिच्यातले पालक सोडतीने निवडले जातात. सोडतीला हजर राहा, नाहीतर सोडत झाली होती एवढंच कळतं.

शेवटची चूक निघताना होते

मूल सातवी पास होऊन शाळेतून बाहेर पडलं की त्याच्यासोबत पालकही निघून जातात आणि घरच्या कपाटातली फाईल तिथेच राहते. नवी समिती पुन्हा मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहून नळाचं भांडण सुरू करते. आमची फाईल आम्ही नव्या अध्यक्षांच्या हातात दिली आणि तिची पोचसुद्धा घेतली, सवयीने. पहिल्याच पानावर कुठलं काम कुणाकडे याची यादी आहे. तिच्यात पद, मजला आणि टेबलाची जागा आहे. नावं मुद्दाम लिहिली नाहीत, कारण तिथली माणसं बदलतात. बांधकामवाले मात्र अजून दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे बसतात.